तुपाची साक्ष

त्या मंगळवारी मी नाकात मारायचा फवारा आतल्या कोठीत विसरलो आणि तो आणायला अनवाणी आत गेलो, म्हणून मला ते दिसलं. नाहीतर जन्मभर दिसलं नसतं. माझी बायको रुद्राणी तुपाच्या डब्यांसमोर उकिडवी बसली होती. तासाभरापूर्वी मीच बाहेर गादीवर बसून, वास घेऊन, चांगलं आहे म्हणून आत पाठवलेले ते पाच डबे. त्यातल्या तिसऱ्या डब्यात तिनं लोखंडी सळई तळापर्यंत घातली, वर काढली, टोकाला आलेलं तूप डाव्या मनगटाच्या मागं चोळलं आणि डोळे मिटून नाकाशी नेलं. घाई काही नव्हती. एकदा हुंगलं, हात दूर नेला, तोंड फिरवून मोकळा श्वास घेतला आणि मग पुन्हा हुंगलं. असं हुंगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता, तो माझा बाप. मग तिनं तो डबा दोन्ही हातांनी ओढून भिंतीकडं सरकवला, बाकीच्यांपासून वेगळा, आणि पदराला हात पुसला. मी दारातच होतो. तिची पाठ माझ्याकडं होती. फवारा डाळीच्या पिंपावर, हाताच्या अंतरावर होता. तो न उचलता मी आल्या पावली बाहेर गेलो आणि गादीवर जाऊन बसलो.

आमचं तुपाचं दुकान शुक्रवार पेठेत, पुढं दुकान आणि मागं घर असं. माझे वडील शिवयोगी, त्यांना सगळी पेठ आप्पा म्हणायची. दुकानावर कधी पाटी लागली नाही. टांगेवाल्याला ‘नाकवाल्या आप्पाकडं चल’ म्हटलं तरी पुरायचं. आप्पा तूप हुंगून गाव सांगत. मंद्रूपच्या बायका लोणी कढवताना विड्याचं पान टाकतात, टेंभुर्णीकडच्या शेवग्याचा पाला टाकतात, कुणी काहीच टाकत नाही आणि बेरी जरा जास्त जाळते. ते नाक माझ्याकडं आलं. मुंबईहून विलायती वनस्पती तुपाचे डबे यायला लागले, ते खऱ्या तुपात मिसळायची विद्या खेड्यापाड्यांत पोचली, आणि त्याहून हलकट लोकांनी चरबी मिसळायला सुरुवात केली, तेव्हा त्या नाकाची किंमत फारच वाढली. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि चरबीचं नुसतं नाव निघालं तरी ताटावरून उठणारी माणसं. गिऱ्हाईक मठाचं किंवा लग्नघरचं असलं की आमच्या दुकानाची एक रीत होती. डब्यातलं तूप मनगटावर चोळायचं, हुंगायचं, हात धुवायचा, गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं आणि म्हणायचं, ‘ह्यात गायी-म्हशीबिगर काय न्हाय.’ ह्याला आम्ही साक्ष म्हणत होतो. साक्ष दिली की गिऱ्हाईक दुसरा प्रश्न विचारत नसे. आप्पांनी जायच्या आधी दोन वर्षं ही साक्ष माझ्या हाती दिली. एका सकाळी सगळ्यांदेखत म्हणाले, आजपासून तू दे. मी तेव्हा सदतीस वर्षांचा घोडा होतो, तरी त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं, एवढा मी फुगलो होतो.

आणि ह्या साक्षीसाठी मी किती जपत होतो, हे कुणालाही विचारा. घरात अत्तर नाही, दुकानात हिंगाची पुडी नाही, बायकांनी मोगरा माळायचा तो सणाला. एकोणिसाव्या वर्षी मठाच्या स्वामींच्या पुढं शपथ घेतली होती, विडी, तंबाखू, तपकीर कशाला शिवणार नाही. शिवलो नाही. आमचा हमाल कोंडीबा तपकीर ओढायचा, त्याला मी वीस वर्षं रस्त्यापलीकडं जाऊन शिंकायला लावत आलो. तो निमूट जायचा, कडुलिंबाखाली उभा राहून सात-आठ शिंका द्यायचा आणि डोळे पुसत परत यायचा, आणि मी गादीवरून त्याला व्यसनावर दोन शब्द ऐकवायचो. व्यसनाची माणसं कशी असतात, हे मला फार ठाऊक होतं. ती लपवतात, सबबी सांगतात, दुसऱ्याला खोटं पाडतात. एवढं सगळं पाठ असलेला माणूस गेल्या कार्तिकात सर्दीनं आडवा झाला. नाक असं बंद, की रात्रंदिवस तोंड उघडं आणि घसा कोरडा ठाक. सिद्धाराम डॉक्टर आमच्याच पेठेतला, मुंबईला शिकून आलेला. त्यानं तपकिरी काचेची बाटली दिली. तिला एक नळी आणि नळीला रबरी फुगा. फुगा दाबला की नाकात बारीक तुषार जातात. पहिल्यांदा दाबला तो क्षण मी अजून विसरलो नाही. क्षणभर झोंबलं, आणि मग बंद घराची कवाडं कुणीतरी एकेक करून उघडावीत तशी हवा आत शिरली, थेट कपाळापर्यंत. कोठीतल्या तुपाचा, गूळ ठेवलेल्या मडक्याचा, ओल्या पोत्यांचा वास एकदम आला. मी डॉक्टरला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. तो म्हणाला होता, आठ दिवस, नवव्या दिवशी बाटली फेकून द्या. नवव्या दिवशी नाक पुन्हा बंद होतं. बंद नाकानं बाटली फेकणारा माणूस मला तरी दाखवा.

त्यानंतरच्या बाटल्या मी डॉक्टरकडून आणल्या नाहीत, बाजारातल्या औषधवाल्याकडून आणल्या. आधी दिवसातून दोनदा मारत होतो, मग चारदा. संक्रांतीनंतर तर मिलचा भोंगा आणि माझा फवारा ह्यांची जणू शर्यत लागली. दोन तास झाले की नाकाच्या मुळाशी काहीतरी फुगायला लागायचं, समोरचा माणूस बोलत असताना माझं लक्ष कोटाच्या खिशाकडं जायचं. छातीवर लिंगाची चांदीची डबी आणि तिच्याखाली, दोन बोटांवर, खिशात ही बाटली. सबब सांगून मी आत जायचो, भिंतीकडं तोंड करून दोन्ही नाकपुड्यांत फुगा दाबायचो आणि बाहेर येऊन सुटल्यासारखा बसायचो. हे औषध आहे, आणि औषधाला कुणी व्यसन म्हणत नाही, असं माझं पक्कं मत होतं. कोंडीबा एकदा म्हणाला, "मालक, माजी डबी समद्यांना दिसती. तुमची तेवडी कुनाला दिसत न्हाय." मी त्याला इतका झाडला की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वास कुठल्या दिवशी गेला ते मला सांगता येणार नाही. दिवा विझला तर कळतं. वास गेल्याचं कळत नाही, कारण त्या जागी अंधारसुद्धा येत नाही. फवारा मारल्यावर हवा आत यायची, पण रिकामी यायची. भाकरी ओल्या कापडासारखी लागायला लागली, शेंगाच्या चटणीत तिखट तेवढं उरलं. आणि तरीही मी दर मंगळवारी गादीवर बसलो, तूप मनगटावर चोळलं, डोळे मिटले, हुंगलं. काही आलं नाही. मग डोळे उघडून मी रंग पाहायला लागलो, रवा पाहायला लागलो, तूप आणणाऱ्या बाईचा चेहरा पाहायला लागलो. बाई ओळखीची असली की तूप चांगलं. चार दिवसांत नाक सुटेल, तोवर निभावून नेऊ, असं मी स्वतःला सांगत होतो. असे बरेच चार दिवस गेले. माघात मठाचे कारभारी अण्णाराव आले. अक्कलकोटकडच्या मठाला दासोहासाठी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या जेवणासाठी, दहा डबे पाहिजे होते. मी दहाही डबे हुंगले, लिंग तळहातावर घेतलं आणि साक्ष दिली. माझ्या तोंडून शब्द सरळ निघाले, हात कापला नाही. आज ते आठवलं की मला त्या हाताचीच भीती वाटते.

तर गादीवर बसलो होतो आणि समोर मंगळवारचा बाजार वाहत होता. पहिल्यांदा आला तो राग, खोटं कशाला सांगू. माझ्या मागं माझ्याच मालाची तपासणी! तिला एवढं कळतं? बावीस वर्षं ह्या घरात आहे, कधी गादीला पाय लावला नाही, आणि आज मी पास केलेल्या डब्याला बाजूला काढते? नाक हळूहळू फुगत होतं, फवारा आत राहिला होता, तोंडानं श्वास घेत मी तसाच धुमसत बसलो. मग त्या रागातच मला मांजर आठवलं. मार्गशीर्षात एका डब्यात मांजरानं तोंड घातलं आणि अर्धा डबा सांडला, असं रुद्राणीनं सांगितलं होतं. उष्टं तूप घरात नको म्हणून तिनं सगळं बाहेर काढलं. मी किती बोललो होतो तिला. झाकण लावायची अक्कल नाही, बापाच्या घरी हेच शिकलीस का, मांजर पाळतेस का दुकान बुडवतेस. ती खाली मान घालून ऐकत होती. आमच्या घरात तोवर कधी मांजर दिसलं नव्हतं आणि त्यानंतरही दिसलं नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. माघात एका डब्याचा झाळलेला सांधा सुटला आणि तूप गळून गेलं. चैत्रात एका डब्यात मुंग्या झाल्या. तिन्ही वेळा ती माझ्यासमोर उभी राहून बेफिकीर ठरली, आणि तिन्ही वेळा मी तोंडसुख घेतलं. तिसऱ्या वेळी तर पाहुण्यांदेखत.

सांधा सुटला तो अण्णाराव यायच्या आदल्या दिवशी.  मठासाठी मी दहा डबे वेगळे काढून ठेवले होते. त्यातला एक गळका निघाला म्हणून तिनं दुसरा आणून ठेवला आणि मी शिव्या देत का होईना, तो घेतला. म्हणजे मूळचा डबा गेला असता तर? सोमवारी पंक्ती बसल्या असत्या, वाढप्यांनी तूप धरलं असतं, म्हातारी माणसं, बायका, पोरं, सगळ्यांच्या गळ्यात लिंग, आणि त्यांच्या भातावर माझ्या शब्दाखातर चरबी. कुणाला कळलंही नसतं कदाचित. पण मी लिंग हातात घेऊन सांगितलं असतं आणि ते खोटं असतं. मग ह्या घरात पूजेला बसायला मला जागा राहिली नसती. समोर एक गिऱ्हाईक पावशेर तूप मागत होतं. मी ते दिलं असावं, कारण ते गेलं. माझ्या मनात एवढंच चाललं होतं, की माझा घसरलेला पाय कुणीतरी खड्ड्याच्या काठावर धरला, वर ओढला, आणि धरणाऱ्यानंच लाथ खाल्ली. उपकार झाले हे माणसाला इतक्या उशिरा कळावं, आणि ज्याचे झाले ते माणूस आत जोंधळे निवडत बसलेलं असावं. छाती भरून आली, आणि नाक बंद असताना छाती भरून आली तर जीव जातो की काय असं होतं.

दुपारी जेवायला बसलो. घरात आम्ही कानडीतच बोलतो, पण दुकानाचा विषय निघाला की मराठी, ही आप्पांपासूनची सवय. रुद्राणी भाकरी वाढत होती. एवढ्या वर्षांत मी तिला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. आमच्यात म्हणत नाहीत, स्वयंपाक चांगला झाला तर दुसऱ्यांदा मागून घेतात, झालं. सुरुवात कशी करायची तेच समजेना. शेवटी जे तोंडाशी होतं तेच आलं.

"त्या मांजराला मी लई बोललो," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. "कुटल्या मांजराला?"

"मार्गशीर्षातल्या. तूप सांडलेल्या."

 भाकरीचा पापुद्रा तिनं उगाच नीट केला, ताटाच्या कडेला सांडलेलं मीठ बोटानं गोळा केलं. मग म्हणाली, "मांजर काय, ऐकून घेतं की."

एवढ्यावरच मी तोंड फिरवलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि बंद नाकाच्या माणसाला ते लपवताही येत नाही. थोड्या वेळानं विचारलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "सांगून काय झालं असतं? तुमी दुकान तरी बंद केलं असतं, न्हायतर मला खोटं पाडलं असतं. डबा हाय तितंच ऱ्हायला असता." हळूहळू सगळं निघालं. मार्गशीर्षातलं तूप तिनं घरच्या शिऱ्याला घेतलं, कढईत पडल्याबरोबर तिला ओकारी आली, आणि तेव्हापासून माझ्या हातून आत आलेला एकही डबा तिनं हुंगल्याशिवाय सोडला नाही. वाईट निघालेला डबा कोंडीबा साबणवाल्याकडं पोचवायचा. म्हणजे कोंडीबालाही ठाऊक होतं. रस्त्यापलीकडं शिंकायला जाणारा तो म्हातारा सहा महिने माझी अब्रू डोक्यावर घेऊन माझ्याच समोरून जात होता.

"पन तुला कळतं कसं?" मी विचारलं. त्यावर तिनं जे सांगितलं ते ऐकायची माझी तयारी नव्हती. आप्पांचं नाक म्हातारपणानं गेलं होतं. शेवटची दोन वर्षं त्यांना काहीच येत नव्हतं. घरात त्यांनी एकीलाच सांगितलं, सुनेला. तिला जवळ बसवून सहा महिने शिकवलं, सळई तळापर्यंत का घालायची, दुसऱ्यांदा हुंगायच्या आधी तोंड का फिरवायचं. आणि साक्ष माझ्याकडं दिली. मी फुगलो होतो ती सकाळ! मला वाटलं होतं, बापानं मान दिला. बापाला हुंगता येत नव्हतं, म्हणून त्यानं साक्षीसाठी लिंग हातात घ्यायचं सोडलं होतं, एवढंच. "तुमचं नाक चांगलं हुतं तवा मी कशाला मधी येऊ," रुद्राणी म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. मी पाटावर बसून राहिलो. एकाच घरात, एकाच गादीवर दोन माणसांची नाकं गेली. एकानं गेलं म्हणून सुनेला सांगितलं आणि दुसऱ्यानं फुगा दाबला.

संध्याकाळी मी सिद्धाराम डॉक्टरकडं गेलो. तो बाटली पाहून हसला नाही, ह्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. म्हणाला, सर्दी तुमची कार्तिकातच गेली, आता नाक बंद होतंय ते ह्या फवाऱ्यानंच. मारला की आतली सूज बसते, औषध उतरलं की दुप्पट येते, ती घालवायला तुम्ही पुन्हा मारता. मी विचारलं, मग काय करू? सोडा, म्हणाला. मी म्हटलं, मरेन. तो म्हणाला, मरणार नाही, पण मराल असं वाटेल खरं. त्यानं तोड सांगितली ती अशी: आधी एकच नाकपुडी सोडायची. उजवीत मारायचा नाही, डावीत मारला तर चालेल. उजवी सुटली की मग डावी. आणि वास? वास येईलही, न येईलही, म्हणाला. थांबून बघू.

बाटली रुद्राणीनं पदराच्या गाठीला बांधली. पहिले आठ दिवस उजवी बाजू दगड टाकून बुजवलेल्या विहिरीसारखी होती. डोकं त्या बाजूनं जड, कान बंद, दात दुखायचे. गादीवर बसून मी डाव्या नाकपुडीनं जगत होतो, आणि तीही दोन तासांनी मागायला यायची. मी आत जायचो, ती काही न बोलता गाठ सोडायची, डावीत एकदा दाबायची आणि पुन्हा गाठ मारायची. दुसऱ्यांदा मागितलं तर ओव्याच्या पाण्याचा वाफारा पुढं ठेवायची. एकदा मी चिडलो, हात धरून गाठ सोडायला गेलो. तिनं हात सोडवला नाही, नुसतं माझ्याकडं पाहिलं, आणि माझा हात आपणच सुटला. सकाळी पूजा झाली की आप्पा रोज घेत तसे कोमट तुपाचे दोन थेंब ती माझ्या नाकात सोडायची. डॉक्टरचं म्हणणं होतं, त्यानं अपाय नाही. तुपाच्या दुकानदारानं तूप सोडून बाटल्या आणल्या, म्हणजे घरी म्हैस असून दूध विकत आणून पिण्यातला प्रकार. पंधराव्या दिवशी उजवीतून आपली आपण हवा आली. फवाऱ्याची गार, झोंबणारी हवा ती नव्हती, साधी हवा होती, शेणानं सारवलेल्या घरातली. मी किती तरी वेळ नुसता श्वास घेत बसलो. माणूस दिवसाकाठी हजारो श्वास घेतो आणि त्यातल्या एकाबद्दलही कुणाचं देणं मानत नाही. मी मानलं. डॉक्टरचं, कोंडीबाचं, मेलेल्या बापाचं, आणि कोठीत बसलेल्या त्या बाईचं तर मोजायलाच गेलो नाही. डावीला आणखी तीन आठवडे लागले. त्या महिन्यात मंगळवारी मी गादीवर बसायचो ते बोलायला आणि तूप मापायला. डबा आत जायचा, आतून बांगड्या एकदा वाजल्या की घ्यायचा, दोनदा वाजल्या की परत. खेड्यातल्या बायकांना वाटायचं, शेठ हल्ली फार विचार करतात.

आषाढ संपत आला आणि अण्णाराव आले. श्रावणी सोमवारच्या दासोहाला पुन्हा दहा डबे. उंच, सडपातळ माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कधी घाई नाही. दारात बैलगाडी उभी करून ते गादीसमोर बसले. कोंडीबानं दहा डबे ओळीनं मांडले. मी सळई घातली, तूप मनगटावर चोळलं आणि नाकाशी नेलं. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या होत्या. आणि काहीतरी आलं. फार लांबून, घराच्या चार खोल्या पलीकडून कुणी हाक मारावी तसं. विड्याचं पान होतं का? की मंद्रूपचा डबा म्हणून मीच आत विड्याचं पान ठेवत होतो? पुन्हा हुंगलं. तेच, असल्यासारखं आणि नसल्यासारखं. अण्णाराव शांतपणे पाहत होते. माघात मी ह्याहून कमी ऐवजावर लिंग हातात घेतलं होतं. आत्ताही घेतलं तर अडचण कसलीच नव्हती, कारण चरबीचा डबा रुद्राणीनं आत राहूच दिला नसता, हे मला ठाऊक होतं. तिच्या नाकावर माझी साक्ष. आणखी दहा वर्षं सहज निभावली असती. मी हात खाली घेतला.

"अण्णाराव," मी म्हणालो, "मला वास येत न्हाय. कार्तिकापासनं न्हाय. ह्या दुकानाचं नाक आत हाय."

त्यांना थट्टा वाटली असावी. मी रुद्राणीला हाक मारली. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली, मी कशाला म्हणून मागं सरायला लागली. अण्णाराव म्हणाले, साक्ष आजवर गादीवरचा माणूस देत आला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती अडचण होती. मी गादीवरून उतरलो. "लिंग तिच्याबी गळ्यात हाय की," मी म्हणालो. आमच्यात लिंग बायका-पुरुष दोघांनाही सारखंच. अण्णाराव तिला वाट द्यायला थोडे बाजूला सरकले.

ती गादीवर बसली नाही, डब्यांसमोर उकिडवी बसली. एकेक डबा, सळई तळापर्यंत, मनगट, तोंड फिरवून श्वास. बाजारातला गलबला चालूच होता, पण आम्ही तिघं पुरुष बायकोच्या बाळंतपणाला दाराबाहेर उभं राहावं तसे उभे होतो. सातव्या डब्यापाशी ती थांबली. दोनदा हुंगलं, कोंडीबाकडून पाणी घेऊन हात धुतला, तिसऱ्यांदा हुंगलं. "चरबी न्हाय," म्हणाली, "पर जुनं हाय. मठाला नको." तो डबा माझ्या लहानपणच्या दोस्ताकडून आलेला होता आणि दोस्ताचा चेहरा आठवून मीच तो मठासाठी काढला होता. कोंडीबानं तो उचलला, आतून दुसरा आणला, तिनं तोही पाहिला. मग हात धुऊन, पदर नीट घेऊन तिनं गळ्यातली डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ह्यात गायी-म्हशीबिगर काय न्हाय." आप्पांच्यानंतर हे वाक्य एवढं खरं मी ऐकलं नव्हतं. अण्णारावांनी हात जोडले. लिंगाला जोडले की तिला, ते मला कळलं नाही.

मग ते माझ्याकडं वळले. हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. दुकान जायचं असेल तर ते आत्ता जाणार होतं.

"आन माघातले डबे?" त्यांनी विचारलं. "त्याची साक्ष तुमी दिली हुती."

"व्हय," मी म्हणालो. "साक्ष खोटी हुती. तूप खरं हुतं. तूप हिनं बघितलं हुतं."

 रुद्राणी डब्यांची झाकणं लावत होती.  मला वाटलं, आता अण्णाराव निघतील, गाडी रिकामी घेऊन जातील, आणि त्यांचं काही चुकणार नाही. ते मागं वळले. काठी घेतली. पण गाडीकडं न जाता ते डब्यांपाशी आले आणि वाकून तिलाच विचारलं, "आक्का, भादव्यात गणपतीच्या पंक्तीला आनिक पाच डबे लागतील. तुमी बघून देताल न्हवं?"

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"मला काय इचारतीस," मी म्हणालो, आणि कोंडीबाबरोबर डबे गाडीत चढवायला गेलो.